वायर नसलेल्या मानकऱ्यास खुले पत्र

माननीय श्री. आभासी नेटवर्क अडॅप्टर साहेब,
मु. पो. १९२.१६८.५६.१
(शेजारी-पाजारी कुणी नाही)

सा. न. वि. वि.

आपली आणि माझी रीतसर ओळख कधी झाली नाही. एका कामासाठी विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायचे होते, म्हणून व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर टाकले. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करताना आपण मागच्या दाराने आत आलात. ते काम उरकले, ते लिनक्सही उडवले, आपण मात्र राहिलात. आपल्याला पोर्ट नाही, वायर नाही, लुकलुकणारा हिरवा दिवा नाही. तरी विंडोजच्या दफ्तरी आपला वेग एक गिगाबिट प्रतिसेकंद असा नोंदलेला आहे. कुठून कुठे जायचेच नसेल तर माणसाने वेग कितीही सांगावा. आपल्याला कोण अडवणार?

तेव्हा प्रथम आपले अभिनंदन. यंदाच्या दिवाळीत माझ्या घरी जमलेल्या पाच शहाण्यासुरत्या माणसांना आपण अख्खी संध्याकाळ नाचवलेत. त्यांपैकी एकजण नेटवर्क सिक्युरिटीवर पोट भरतो, दुसरा क्लाउडवर. त्यांनाही आपला पत्ता लागला नाही, यावरून आपली योग्यता दिसते.

कारण साधे होते. कॉलेजातले मित्र बऱ्याच वर्षांनी एका छताखाली आले होते आणि 'लॅनवर एज टाकूया' असे कुणीतरी म्हणाले. 'एज' म्हणजे 'एज ऑफ एम्पायर्स २', सन १९९९ चा खेळ. त्यावर २००० साली आलेली 'कॉन्करर्स'ची पुरवणी. हॉस्टेलात आम्ही रात्रीच्या रात्री यावर काढल्या. एकाच वेळी आठजण खेळू शकत. इंटरनेट लागत नसे, खाते उघडावे लागत नसे, पासवर्ड विसरायची सोय नसे. एकाने होस्ट करायचे, बाकीच्यांच्या यादीत खेळाचे नाव उमटले की जॉइन व्हायचे. माळ्यावरून आठ पोर्टांचा शंभर मेगाबिटचा जुना स्विच काढला, वायरी टोचल्या, वायफाय बंद केले. स्विच बिचारा कुणाला पत्ते वाटत नाही आणि पत्ता देणारा कुणी नसला की विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी पत्ता स्वतःच घेऊन बसतो. तसे नको म्हणून १९२.१६८.१.१ पासून पुढचे पत्ते सगळ्यांना हाताने घातले. मित्राने होस्ट केले. माझ्या पडद्यावर यादी उघडली.

यादी रिकामी.

'दिसतंय का?' 'नाही रे.' 'आता?' 'नाही.' हा संवाद आपण आतून ऐकत असालच.

मग चौकशी सुरू झाली, आणि आपल्याकडच्या बहुतेक चौकशांप्रमाणे ती हाताशी जो सापडेल त्याच्यापासून सुरू झाली. पहिला बळी वायरीचा. तिची क्लिप तुटलेली होती हाच पुरावा. मग स्विच, कारण तो जुना. मग अँटिव्हायरस, कारण त्याच्याबद्दल कुणालाच प्रेम नाही. आणि अर्थातच फायरवॉल. हिच्यावर आळ घ्यायला पुरावाही लागत नाही. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर विंडोजची फायरवॉल मुळातच चालू होऊन येऊ लागली. तेव्हापासून लॅनवर काहीही बिघडले की पहिली आज्ञा एकच असते: 'फायरवॉल बंद कर.' आम्हीही केली. पाचही मशीनवर. नेटवर्क सिक्युरिटीवाल्याने हे स्वतःच्या हाताने केले, आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते त्याच्या साहेबांनी पाहायला हवे होते. यादी रिकामीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच; आपण मात्र 'कनेक्टेड' असे लिहून शांत बसला होतात.

खरी कमाल पुढे आहे. कुणीतरी म्हणाले, 'पिंग मार.' मारला. चारही मशीनकडून उत्तर आले, एका मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे वायर ठीक, स्विच ठीक, पत्ते ठीक. यंत्रे एकमेकांना ओळखतात, पण खेळ मात्र म्हणतो की इथे कुणीच नाही. या टप्प्यावर माणसाचा विज्ञानावरचा विश्वास उडतो. भाचा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, 'मामा, ऑनलाइन खेळा ना.' त्याला उत्तर देण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते.

पिंग जातो आणि खेळ दिसत नाही, यातच आपला हात होता. आपल्याला ठाऊक आहेच, पण हे पत्र खुले असल्यामुळे इतरांसाठी सांगतो. पिंगला पत्ता दिलेला असतो. विंडोज आपला मार्गांचा तक्ता उघडते, १९२.१६८.१ ची मंडळी खऱ्या कार्डाच्या बाजूला राहतात हे पाहते आणि पाकीट बरोबर त्या वायरीवर ठेवते. तिथे आपल्याला लुडबुड करता येत नाही. खेळ शोधताना मात्र पत्ता माहीत नसतो. तोच तर शोधायचा असतो. म्हणून जुना खेळ २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर हाक मारतो: इथे कुणी खेळ मांडून बसले आहे का? ही हाक या नेटवर्कातल्या सगळ्यांसाठी असते. एज ऑफ एम्पायर्स मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टप्लेवर चालतो. त्याची ही हाक ४७६२४ क्रमांकाच्या पोर्टकडे जाते आणि पुढचे बोलणे २३०० ते २४०० या पोर्टांवर होते. आता प्रश्न असा की मशीनला दोन नेटवर्क कार्डे असतील तर 'सगळ्यांसाठी' असलेली हाक कुठल्या दारातून बाहेर पडावी? भाबड्या माणसाला वाटेल, दोन्ही. विंडोजला तसे वाटत नाही. अलीकडच्या विंडोजमध्ये ती एकाच दारातून जाते, ज्या दाराचा मेट्रिक नावाचा आकडा सर्वांत लहान असेल त्या.

आणि हा आकडा विंडोज ठरवते कशावरून? वेगावरून. कुणी सांगितलेल्या वेगावरून! विंडोज १० च्या हिशेबात शंभर मेगाबिटच्या वायरीला ३५ मिळतात, एक गिगाबिटला २५. आमची वायर खरी होती, तिच्या पलीकडे चार मित्र बसले होते, तिला मिळाले ३५. आपल्या पलीकडे कुणी नव्हते, आपल्याला मिळाले २५. 'राउट प्रिंट' असे टाइप केले तेव्हा पडद्यावर ते स्वच्छ दिसले: २५५.२५५.२५५.२५५ च्या ओळीत आपल्यापुढे २८१, वायरीपुढे २९१. प्रत्येकात २५६ वरून मिळवलेले असतात, ते सोडा. दहा गुणांनी आपण पहिले आलात. माझा खेळ जिवाच्या आकांताने ओरडत होता, आणि ती प्रत्येक हाक आपण अदबीने स्वीकारून, जिथे माणूसच राहत नाही अशा आपल्या वस्तीत नेऊन सोडत होता.

आपल्याविरुद्धचा पुरावा खरे तर अर्ध्या तासातच हाती आला होता, पण त्याचा अर्थ कुणी लावला नाही. मी होस्ट केले की बाकीच्यांना माझा खेळ दिसे. दुसऱ्याने होस्ट केले की मला त्याचा दिसत नसे. एकाच वायरीवर, एकाच स्विचवर, एका दिशेने आंधळेपणा. फायरवॉल बंद असतानाही असे घडले तर समजावे की हाक मारणाऱ्याच्या घरात कुणीतरी आहे. डायरेक्टप्लेत शोधणारा हाक मारतो आणि होस्ट उत्तर देतो, म्हणून शोधणाऱ्याचे मशीन तपासायचे. काही खेळांत उलटे असते, होस्टच ठरावीक वेळाने दवंडी पिटतो. तिथे होस्टचे मशीन पाहायचे.

जुन्या खेळांचा यात काही दोष आहे का? आहे, थोडा. कित्येक जुने खेळ मशीनला विचारतात, 'तुझा पत्ता काय?' मशीन यादी पुढे करते, आणि खेळ त्यातला पहिला पत्ता उचलून तोच आपला मानतो. ज्या काळात ते लिहिले गेले, त्या काळात घरच्या संगणकाला एकच कार्ड असे, आणि तेही पदरचे पैसे मोजून घातलेले. यादीत दुसरे नाव असेल ही शंका घेणे तेव्हा अतिशहाणपणाचे ठरले असते. १९९३ च्या डूमला तर इंटरनेटचा पत्ताच लागत नसे. तो नॉव्हेलच्या आयपीएक्सवर खेळला जाई. आयपीएक्समध्ये प्रत्येक कार्डाचा कारखान्यातून आलेला क्रमांक हाच त्याचा पत्ता, त्यामुळे हाताने काही घालायची गरजच नाही. डूमच्या पहिल्या आवृत्त्या तर खेळातले प्रत्येक पाकीट नेटवर्कभर सर्वांना पाठवत. अमेरिकेत ऑफिसांची आणि विद्यापीठांची नेटवर्के त्या ओझ्याने वाकली. पुढच्या आवृत्तीत ते सुधारले, पण कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल यांसारख्या ठिकाणी डूमविरुद्ध फतवे निघालेच. विचार करा, तेव्हा तक्रार ही होती की हाक फार लोकांपर्यंत जाते.

आयपीएक्सला विंडोज व्हिस्टाने २००७ साली निरोप दिला. मग रेड अलर्टसारख्या खेळांसाठी लोकांनी आयपीएक्सची बोली यूडीपीत फिरवणारे जुगाड लिहिले, डॉसबॉक्सनेही आपल्यापुरता बोगदा खणला. ते जुगाड आजही नेटाने चालतात. अनोळखी माणसांनी फुकटात केलेल्या या दुरुस्त्यांबद्दल कुणी चार चांगले शब्द लिहायला हवेत, पण हे पत्र आपल्यासाठी आहे, स्तुतीची जागा इथे नाही.

आपल्या कुळाचीही थोडी चौकशी केली. आपण एकटे नाही. व्हीपीएनचे अडॅप्टर, हायपर-व्हीचा स्विच, व्हीएमवेअरची दोन भावंडे, सगळे एकाच घराण्यातले. त्यांतल्या हमाचीचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. हे सॉफ्टवेअर लांबच्या मित्रांना एकाच लॅनवर असल्याचा भास करून देते. त्यामुळे जुन्या खेळांवर त्याचे उपकारच आहेत, हे मान्य. आधी ते ५ ने सुरू होणारे पत्ते वाटत असे, कारण तो गठ्ठा वापरात नव्हता. पुढे तो खऱ्या लोकांना दिला गेला. तेव्हा २०१२ साली हमाचीने आपले बिऱ्हाड २५ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर हलवले. तो गठ्ठा कागदोपत्री ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाचा. म्हणजे आपले चुलत भाऊ राणीच्या लष्कराचे पत्ते लावून घराघरांत हिंडत होते. त्या मानाने १९२.१६८.५६.१ हा आपला पत्ता खासगी वापरासाठीच राखलेल्या गठ्ठ्यातला आहे. एवढा सभ्यपणा आपल्या खात्यावर जमा.

आणि न्याय म्हणजे न्याय, म्हणून जे गुन्हे आपले नाहीत तेही लिहून ठेवतो. विंडोज ८ पासून डायरेक्टप्ले मुळात बंद असते आणि 'लेगसी कंपोनंट्स'च्या अडगळीत जाऊन त्यावर टिकमार्क करावा लागतो. हा आपला दोष नाही. गेस्ट वायफायवर एक मशीन दुसऱ्याला दिसत नाही, कारण राउटर त्यांना मुद्दाम वेगळे ठेवतो; तोही नाही. सगळे दिसले, सगळे जॉइन झाले आणि दहा मिनिटांनी 'आउट ऑफ सिंक' असे येऊन खेळ कोसळला, तर त्याचेही खापर आपल्यावर फोडणार नाही.

त्याचे कारण वेगळेच आणि फार सुंदर आहे. एज ऑफ एम्पायर्स बनवणाऱ्यांपैकी पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ साली '१५०० आर्चर्स ऑन अ २८.८' या लेखात ते सांगितले. २८.८ म्हणजे तेव्हाच्या मोडेमचा वेग. त्या नळीतून दीड हजार धनुर्धाऱ्यांची जागा, जखमा आणि दिशा पाठवणे अशक्य. म्हणून ते फक्त हुकूम पाठवत: अमक्या तुकडीने तिकडे जावे. हुकूम सुटल्यावर दोन पाळ्यांनी सगळ्यांकडे एकाच वेळी अमलात येतो, आणि प्रत्येक मशीन पुढची सगळी लढाई स्वतःपुरती, पण तंतोतंत सारखी लढते. एका मशीनवर पॅच वेगळा असेल तर हिशेब केसाएवढा हुकतो. तेवढ्यावर एकाच्या पडद्यावर किल्ला पडतो, दुसऱ्याच्या पडद्यावर उभा राहतो, आणि खेळ हात वर करतो. म्हणून लॅनवर बसण्याआधी सगळ्यांनी एकच सीडी आणि एकच पॅच टाकण्याचा हॉस्टेलातला दंडक होता. पायरसीला तेव्हा हेही एक तांत्रिक समर्थन होते.

असो. विषय आपला.

आपले रक्षणकर्तेही थोडे ओळखून ठेवले आहेत. विंडोज ८.१ पर्यंत नेटवर्क कनेक्शनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये कार्डांची क्रमवारी लावता येत असे. बाणाचे बटण दाबायचे, खरे कार्ड वर, आपल्यासारखे खाली. दोन मिनिटांचे काम. विंडोज १० मध्ये ही सोय काढून टाकली. आता क्रम लावायचा तर आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्डमध्ये, अगदी तळाला असलेल्या 'ऑटोमॅटिक मेट्रिक'वरची टिक काढून आकडा हाताने लिहावा लागतो. ज्याला हे माहीत आहे त्याला विचारायची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला हे कुणी सांगत नाही.

आता अहो-जाहो पुरे.

तू दिसत नाहीस हा तुझा गुन्हा नव्हे. तू खोटा आहेस हाही नव्हे. ज्या कामासाठी तुला आणले, ते तू व्यवस्थित केलेस, माझे लिनक्स आणि माझे विंडोज तुझ्यामुळेच एकमेकांशी बोलत होते. तुझा गुन्हा एकच: काम संपल्यावरही तू पहिल्या पाटावर बसून राहिलास आणि ज्याच्या वायरीला खरी माणसे बांधलेली होती त्याला मागे सारलेस. आयत्या बिळावरचा नागोबासुद्धा बिळात निदान स्वतः राहतो. तुझ्याकडे तर राहणारेच कुणी नव्हते.

म्हणून निकाल असा. त्या रात्री उशिरा तुझ्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' केले गेले. त्याच क्षणी माझ्या पडद्यावरच्या रिकाम्या यादीत मित्राच्या खेळाचे नाव उमटले. पाच मोठ्या माणसांनी जो आरडाओरडा केला त्याने खालच्या मजल्यावरचे काका वर आले, आणि त्यांना फराळाला बसवावे लागले. पुढे तुला जन्मठेपच द्यायची होती, पण लिनक्सची पुन्हा गरज लागेल म्हणून तुला परत चालू केले आहे. मात्र तुझे मेट्रिक आता ९००० आहे आणि वायरीचे १०. हे मी हाताने लिहिले आहे, आपोआप ठरवायचा अधिकार काढून घेतला आहे. तुझा एक गिगाबिट तुझ्यापाशी ठेव.

कळावे. लोभ नसावा.

तुझा (नाइलाजाने) घरमालक

ता. क. वाचकांसाठी: दिवाळीत किंवा मे महिन्यात जुना खेळ लॅनवर लावणार असाल तर वायरींना हात घालण्याआधी प्रत्येक मशीनवर विंडोजचे बटण आणि आर दाबून 'एनसीपीए.सीपीएल' चालवा. नेटवर्क कार्डांची यादी उघडेल. ज्याला प्रत्यक्ष वायर जोडली आहे त्याखेरीज सगळी डिसेबल करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तशी परवानगी नसेल तर निदान ऑफिसचा व्हीपीएन तोडा, किंवा खेळात इंटरनेट टीसीपी-आयपीचा पर्याय घेऊन होस्टचा पत्ता थेट लिहा. फायरवॉल बंद करू नका. तिला खेळापुरती परवानगी दिली की ती वाट देते. कार्डांत बदल केल्यावर मशीन रीस्टार्ट करावे लागत नाही, पण खेळ आधीच उघडलेला असेल तर तो पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.